कादंबरीतल्या पात्राची वाक्यं उमेदवाराच्या नावावर खपवली : अप्टन सिंक्लेअरच्या निवडणुकीची गोष्ट

निवडणूक लागली की आपल्या मोबाइलवर काय काय येऊन पडतं हे वेगळं सांगायला नको. अमुक उमेदवार दहा वर्षांपूर्वी काय बोलला होता त्याचं पोस्टर, तमुक नेत्याच्या भाषणाची पाच सेकंदांची क्लिप, भलत्याच ठिकाणचा गर्दीचा फोटो. हे सगळं इंटरनेट आल्यावर सुरू झालं असं आपल्याला वाटतं. पण १९३४ साली, घरोघरी टीव्हीसुद्धा नव्हता तेव्हा, अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या निवडणुकीत हेच प्रकार एका माणसाविरुद्ध वापरून झाले होते.

त्या माणसाचं नाव अप्टन सिंक्लेअर.

कोण होता हा सिंक्लेअर?

२० सप्टेंबर १८७८ ला बाल्टिमोर शहरात त्याचा जन्म झाला. वडील दारूचे विक्रेते आणि स्वतःही दारूच्या आहारी गेलेले. आईचं माहेर मात्र श्रीमंत. त्यामुळे पोरगं कधी भाड्याच्या खोलीत झोपायचं, तर कधी आजोळच्या ऐसपैस घरात. गरिबी आणि श्रीमंती त्याने एकाच घरात पाहिली. वयाच्या चौदाव्या वर्षी तो न्यूयॉर्कमध्ये कॉलेजात गेला आणि विनोद, स्वस्तातल्या साहसकथा लिहून शिक्षणाचा खर्च भागवू लागला.

१९०४ मध्ये त्याने शिकागोच्या मांस कारखान्यांत सात आठवडे घालवले. तिथल्या कामगारांचे हाल त्याने ‘द जंगल’ या कादंबरीत मांडले. १९०६ मध्ये पुस्तक आलं आणि अमेरिका हादरली. पण लोकांना कामगारांपेक्षा आपल्या ताटातल्या मांसाची काळजी जास्त वाटली. त्याच वर्षी सरकारने मांस तपासणीचा आणि अन्न व औषधांच्या शुद्धतेचा असे दोन कायदे केले. आपण लिहिलं एका गोष्टीसाठी आणि लोक हलले दुसऱ्याच गोष्टीने, याची खंत सिंक्लेअरला कायम राहिली.

पुढे त्याने पुस्तकांचा सपाटाच लावला. धर्मसंस्था, तेल कंपन्या, कोणालाच सोडलं नाही. १९१९ च्या ‘द ब्रास चेक’मध्ये तर त्याने वर्तमानपत्रांचे मालक पैशासाठी बातम्या कशा वाकवतात तेच मांडलं. त्याची पुस्तकं जगभर गेली. लाहोरच्या तुरुंगातून भगतसिंगांनी १९३० मध्ये मित्राकडे पुस्तकांची यादी पाठवली होती, तीत सिंक्लेअरचंही एक पुस्तक होतं.

लेखक गव्हर्नर व्हायला निघतो

अमेरिकेतला राज्याचा गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा राज्यपाल नव्हे. त्याला थेट लोक निवडून देतात आणि तो मुख्यमंत्र्यासारखा कारभार करतो. सिंक्लेअर समाजवादी पक्षातर्फे १९२६ आणि १९३० मध्ये या पदासाठी उभा राहिला आणि दोन्ही वेळा जोरात आपटला.

तोवर महामंदी आली होती. कारखाने बंद, शेतमाल कुजतोय आणि माणसं उपाशी, अशी अवस्था. १९३३ मध्ये सिंक्लेअरने डेमोक्रॅटिक पक्षात नाव नोंदवलं आणि एक पुस्तिका काढली. आपण गव्हर्नर झालोच आहोत असं धरून, कॅलिफोर्नियातली गरिबी कशी संपवली याची गोष्ट त्याने तीत लिहिली. योजना अशी होती की बंद कारखाने आणि पडीक जमीन सरकारने ताब्यात घ्यावी, बेकारांना तिथे काम द्यावं आणि त्यांनी आपल्या गरजेपुरतं स्वतःच पिकवावं, बनवावं. साठीच्या पुढच्या गरजूंना महिना ५० डॉलर पेन्शनही त्यात होती. योजनेचं नाव होतं ‘एपिक’.

पुस्तिका तुफान खपली आणि गावोगाव एपिकचे क्लब निघाले. २८ ऑगस्ट १९३४ ला पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी मतदान झालं, त्यात सिंक्लेअरने ४ लाख ३६ हजारांच्या आसपास मतं घेऊन बाकी सगळ्यांना मागे टाकलं. समोर होता रिपब्लिकन पक्षाचा गव्हर्नर फ्रँक मेरियम.

आणि मग यंत्रणा कामाला लागली

योजनेला विरोध करण्यासारखं बरंच होतं. पैसा कुठून येणार? सरकारी कारखान्यांमुळे चालू धंदे बुडाले तर? हे प्रश्न रास्त होते आणि प्रामाणिकपणे विचारणारे लोकही होते. पण प्रचाराचा रोख योजनेवर कमी आणि माणसावर जास्त राहिला.

क्लेम व्हिटेकर आणि लिओन बॅक्स्टर या जोडीने १९३३ मध्ये ‘कॅम्पेन्स इन्कॉर्पोरेटेड’ नावाची कंपनी काढली होती. पैसे घेऊन निवडणूक लढवून देणारी ही जगातली पहिली कंपनी मानली जाते. सिंक्लेअरविरोधी काम त्यांच्याकडे आलं. दोघांनी त्याची पुस्तकं घेऊन स्वतःला कोंडून घेतलं आणि लोक भडकतील अशी वाक्यं वेचून काढली. लग्नाविरुद्ध, धर्माविरुद्ध, देशाविरुद्ध. यातली काही वाक्यं सिंक्लेअरची नव्हतीच, त्याच्या कादंबरीतल्या पात्रांची होती. खलनायकाचा संवाद लेखकाचं मत म्हणून छापण्यासारखाच हा प्रकार.

‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या पहिल्या पानावर अशा वाक्यांची चौकट दिवसामागून दिवस झळकू लागली. बाकीची बडी वर्तमानपत्रंही त्याच्या विरोधातच होती. ज्यांच्यावर त्याने आख्खं पुस्तक लिहिलं होतं, त्यांच्याकडून खुलासा छापून येण्याची आशा धरणार तरी कशी?

मग सिनेमावाले उतरले. बंद स्टुडिओ घेऊन सरकारच सिनेमे काढेल असं सिंक्लेअर बोलला होता, त्यामुळे हॉलिवूड बिथरलं होतं. एमजीएम स्टुडिओचा प्रमुख लुई मेयर हा राज्यातला रिपब्लिकन पक्षाचा मोठा नेता. स्टुडिओतल्या लोकांच्या पगारातून एका दिवसाचे पैसे मेरियमच्या निधीसाठी मागितले गेले. एमजीएमच्याच आयर्व्हिंग थालबर्गने छोट्या बातमीपटांची मालिका काढली आणि ती थिएटरांत मुख्य सिनेमासोबत दाखवली गेली. रस्त्यावरच्या लोकांच्या मुलाखती असाव्यात असा तिचा थाट होता. त्यात मेरियमला मत देणारे नीटनेटके, सभ्य, तर सिंक्लेअरवाले गबाळे, परक्या उच्चारात बोलणारे. एका भागात देशभरातले भटके बेकार रेल्वेने कॅलिफोर्नियात घुसताना दाखवले.

एका वर्तमानपत्राने तर अशाच बेकारांच्या लोंढ्याचा फोटो छापला. तो निघाला १९३३ च्या एका हॉलिवूडपटातला.

या भीतीला खतपाणी मिळालं ते मात्र सिंक्लेअरच्याच तोंडून. आपण जिंकलो तर देशातले निम्मे बेकार इकडे येतील, असं तो पत्रकारांसमोर हसत हसत बोलून गेला होता. तो गंमत होती म्हणत राहिला, पण फलकांवर ते वाक्य गंभीरपणे लागलं. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट आपल्याला उघड पाठिंबा देतील ही त्याची आशाही फोल ठरली.

निकाल

नोव्हेंबरमध्ये मेरियमला सुमारे ११ लाख ३८ हजार मतं पडली, सिंक्लेअरला ८ लाख ७९ हजार. तिसरा उमेदवार रेमंड हेट ३ लाखांवर मतं घेऊन गेला. म्हणजे अपप्रचारानेच सिंक्लेअरला हरवलं असं छातीठोक म्हणता येत नाही, मतविभागणीही झाली. पण खोटी चित्रं आणि पात्रांची वाक्यं समोर ठेवून लाखो लोकांना मत ठरवायला लावलं गेलं, हे मात्र खरं.

काही वर्षांनी व्हिटेकर आणि बॅक्स्टर यांनी स्वतःच कबूल केलं की त्या वाक्यांचा निवडणुकीशी संबंध नव्हता. सिंक्लेअरला गव्हर्नर होऊ द्यायचं नाही, एवढं एकच काम होतं. त्यांची कंपनी पुढे वर्षानुवर्षं जोरात चालली.

सिंक्लेअरने १९३५ मध्ये आपल्या पराभवावरच पुस्तक लिहिलं. १९३८ मध्ये एपिकमधूनच पुढे आलेल्या कल्बर्ट ओल्सनने मेरियमला हरवलं. १९४३ मध्ये सिंक्लेअरला ‘ड्रॅगन्स टीथ’ कादंबरीसाठी पुलित्झर मिळालं. १९६७ मध्ये मांस तपासणीचा नवा कायदा झाला, तेव्हा सहीच्या कार्यक्रमाला त्याला व्हाइट हाउसमध्ये बोलावलं गेलं. पुढच्याच वर्षी २५ नोव्हेंबरला, वयाच्या नव्वदाव्या वर्षी तो गेला.

एखाद्या पक्षाची बाजू घेणं, समोरच्यावर सडकून टीका करणं यात गैर काही नाही. निवडणूक त्यासाठीच असते. पण न बोललेलं त्याच्या तोंडी घातलं की फसतो तो मतदार, कारण त्याचा निर्णयच चोरीला जातो. १९३४ च्या वाचकाला खरंखोटं करायला वाचनालयात जाऊन ती कादंबरी शोधावी लागली असती. आपल्याला मूळ भाषण शोधायला दोन मिनिटं पुरतात. पुढच्या वेळी एखाद्या उमेदवाराचं भडक वाक्य ग्रुपवर आलं, तर ते कुठे बोललं गेलं आणि त्याच्या आधी-नंतर काय होतं, एवढं बघूनच पुढे पाठवा. वाक्य आपल्या नावडत्या पक्षाचं असेल, तेव्हा तर नक्कीच.