लोकमान्यांचे तीन खटले

सशस्त्र हल्ल्याच्या धक्क्याने समाज हादरला, की शासनाच्या हाती अधिक अधिकार द्यावेत असे बहुसंख्य नागरिकांना मनापासून वाटू लागते. त्यात गैर काही नाही. नागरिकांच्या जीविताचे रक्षण हे शासनाचे पहिले कर्तव्य होय. विचार करावयाचा तो हे अधिकार प्रत्यक्षात कोणाविरुद्ध वापरले जातात, याचा. या दृष्टीने लोकमान्य टिळकांचे चरित्र पुन्हा तपासून पाहण्यासारखे आहे. राजद्रोहाच्या कारणावरून त्यांच्यावर १८९७, १९०८ आणि १९१६ अशी तीन वेळा कारवाई झाली आणि तिन्ही वेळा राज्यकर्ते भयग्रस्त होते.

२३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्मलेले बळवंतराव टिळक मुळात कायद्याचे अभ्यासक होते. १८७९ मध्ये ते एल्‌एल्‌. बी. झाले. पुढे पुण्यात त्यांनी कायद्याचा वर्ग चालविला आणि १८९५ मध्ये ते मुंबई कायदे कौन्सिलवर निवडून गेले. कायद्याच्या राज्याविषयी त्यांना तुच्छता नव्हती. राज्यकर्त्यांनी स्वतःचा कायदा पाळावा, हाच त्यांच्या लढ्याचा मोठा भाग होता.

१८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेगने थैमान घातले. त्याच वर्षी फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला आणि प्लेग अधिकारी रँड यांच्या देखरेखीखाली गोऱ्या सैनिकांकडून घरोघर झडत्या सुरू झाल्या. रोगी वेगळे काढणे आवश्यक आहे, हे टिळकांना मान्य होते. त्यांनी स्वतः रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला आणि इतर पुढारी शहर सोडून जात असता ते पुण्यातच राहिले. त्यांचा आक्षेप होता तो देवघरापर्यंत पोहोचणाऱ्या अरेरावीला आणि गाऱ्हाणे ऐकण्यास कोणी नसण्याला. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट तत्काळ मरण पावले, रँड काही दिवसांनी.

सरकारचे भय खोटे नव्हते. दोन अधिकारी मारले गेले होते आणि मारेकरी मोकळे होते. तथापि सरकारचे पहिले मोठे घाव पडले ते भलतीकडेच. पुण्याचे सरदार नातू बंधू यांना १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली आरोप वा चौकशी यांवाचून स्थानबद्ध करण्यात आले. पेशवाई बुडून दहा वर्षेही झाली नव्हती, तेव्हाच्या अस्थिर काळातील ते हत्यार सत्तर वर्षांनंतरही वापरण्यास सिद्ध होते. नातूंवर खटला कधीच भरला गेला नाही. १८९९ मध्ये त्यांना सोडून देण्यात आले. टिळकांना अटक झाली ती ‘केसरी’तील शिवाजी उत्सवाच्या मजकुरावरून. खुनाशी त्यांचा संबंध जोडणारा आरोप न्यायालयात मांडलाच गेला नाही. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी सरकारविषयी प्रीतीचा अभाव असणे म्हणजेच अप्रीती, असा राजद्रोहाच्या कलमाचा अर्थ लावला. ज्यूरीतील सहा युरोपियनांनी दोषी आणि तीन हिंदी सदस्यांनी निर्दोष असे मत दिले, आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

रँडचे मारेकरी सापडले ते मात्र नेहमीच्या पोलीस तपासातून, माहिती देणाऱ्यास जाहीर केलेल्या बक्षिसामुळे. दामोदर चापेकरांवर साध्या दंडसंहितेखाली खुनाचा खटला चालला आणि एप्रिल १८९८ मध्ये त्यांना फाशी झाली. गुन्हेगार शोधण्यास जुना कायदा पुरेसा ठरला होता. तरीही १८९८ मध्ये राजद्रोहाचे कलम अधिक विस्तृत करण्यात आले आणि वर्गावर्गांत शत्रुत्व पसरविण्याचे नवे कलमही जोडले गेले.

दहा वर्षांनी याचीच पुनरावृत्ती झाली. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे किंग्जफोर्ड या न्यायाधीशासाठी टाकलेल्या बाँबने दोन निरपराध इंग्रज स्त्रिया मारल्या गेल्या. ८ जून रोजी सरकारने स्फोटक द्रव्यांचा आणि वृत्तपत्रांचा असे दोन कायदे एकाच दिवशी संमत केले. पहिला बाँबविरुद्ध होता. दुसऱ्याने छापखाना जप्त करण्याचा अधिकार दिला. टिळकांनी बाँबचा मार्ग त्याज्य ठरविला, परंतु तो कोणत्या निराशेतून जन्मतो हे सांगण्याचे टाळले नाही. १२ मे व ९ जूनच्या ‘केसरी’तील लेखांबद्दल त्यांच्यावर खटला झाला. यांतील दुसऱ्या लेखाचा विषय हे दडपशाहीचे उपाय टिकाऊ नाहीत, हाच होता.

न्यायासनावर होते न्यायमूर्ती दावर. १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिलेले हेच दावर. आता त्यांनी जामीन नाकारला. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला आणि त्यांचे भाषण एकवीस तासांहून अधिक चालले. त्यातील मोठा भाग सरकारी भाषांतरात मराठी शब्दांचा अर्थ कसा बदलला, हे दाखविण्यात गेला. कारण ज्यूरीतील बहुसंख्यांना ते लेख मुळातून वाचता येत नव्हते. २२ जुलैच्या रात्री, वयाची बावन्न वर्षे पूर्ण होण्याच्या पूर्वसंध्येला, सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरविण्यात आले. सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली, जी पुढे मंडालेच्या साध्या कैदेत परिवर्तित झाली. मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले. मंडालेत ‘गीतारहस्य’ लिहून झाले. तेथेच १९१२ मध्ये पत्नीच्या मृत्यूची वार्ता त्यांना सोसावी लागली. या शिक्षेने बाँब मात्र थांबले नाहीत. डिसेंबर १९१२ मध्ये दिल्लीत खुद्द व्हाइसरॉय हार्डिंग यांच्यावरच बाँब पडला.

तिसरी वेळ १९१६ ची. महायुद्ध चालू होते आणि भारत संरक्षण कायदा अमलात होता. बेळगाव व अहमदनगर येथील स्वराज्यविषयक भाषणांवरून टिळकांना त्यांच्या साठाव्या वाढदिवशीच नोटीस बजावण्यात आली आणि पुढे वर्षभराच्या सद्वर्तनासाठी वीस हजारांचा जातमुचलका व दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयात जिनांनी त्यांची बाजू मांडली. न्यायमूर्ती बॅचलर व शहा यांनी सुटी वाक्ये बाजूला ठेवून संपूर्ण भाषणांचा एकत्रित परिणाम पाहिला आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी तो हुकूम रद्द केला. साम्राज्य जीवनमरणाच्या युद्धात गुंतले असता हा निर्णय झाला, आणि त्याने साम्राज्याच्या सुरक्षिततेस कोणताही धक्का पोहोचला नाही.

१ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य निवर्तले. त्यांना शिक्षा देणारे कलम मागे राहिले. स्वतंत्र भारताने ते दीर्घकाळ बाळगले. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिंसेस चिथावणी वा सार्वजनिक अव्यवस्थेची प्रवृत्ती एवढ्यापुरती त्याची व्याप्ती आखून दिली, मे २०२२ मध्ये त्याचा अंमल स्थगित केला, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू होताच ते संपले. मात्र त्याच संहितेत देशाची एकता व अखंडता धोक्यात आणण्याविषयीचे कलम १५२ आले आहे. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर बेकायदा कृत्यांच्या कायद्यात आरोपपत्रासाठी १८० दिवसांपर्यंत मुदत वाढविण्याची आणि जामीन दुर्मीळ करणारी तरतूद झाली. या कायद्यांमागचे भय खरे आहे, हे नाकारता येणार नाही. निवडून आलेले सरकार आणि परकीय सत्ता यांत मूलभूत अंतर आहे, हेही खरे.

परंतु सरकार कोणाचेही असो, स्फोट घडविणाऱ्याला पकडणे कठीण असते आणि लिहिणाऱ्याला पकडणे सोपे. नागरिकांनी म्हणून कठोर कायद्याच्या प्रत्येक मसुद्याला काही साधे प्रश्न विचारावेत. शिक्षा कृत्याला आहे की मताला? अटकेतील माणसाला आरोप कळून तो ठराविक मुदतीत न्यायालयापुढे उभा राहील काय? संकट टळल्यावर हा कायदा आपोआप संपेल काय? नातू बंधूंना यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही. प्रजासत्ताकात ते मागण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. पुढचा स्फोट होण्यापूर्वी, मन शांत असतानाच, तो बजावणे इष्ट होय.