मनाच्या जखमा जाणणारा डॉक्टर

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवरून परतलेले कित्येक ब्रिटिश अधिकारी रात्री किंचाळत उठत. अंगावर जखम नसल्याने अनेकांवर भित्रेपणाचा शिक्का बसे. डॉ. विल्यम हॉल्स रिव्हर्स यांनी मात्र त्यांचे ऐकून घेतले. १८६४ मध्ये केंट परगण्यात जन्मलेले रिव्हर्स मानववंशशास्त्रज्ञही होते. निलगिरीतील तोडा जमातीवरील त्यांचा ग्रंथ १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. बोलताना ते स्वतः अडखळत!

१९१६ मध्ये ते एडिनबर्गजवळच्या क्रेगलॉकहार्ट लष्करी रुग्णालयात रुजू झाले. भयंकर आठवणी विसरा, हा तेव्हाचा सर्रास सल्ला. रिव्हर्स त्या आठवणींना सामोरे जायला शिकवत. पण बरा झालेला रुग्ण पुन्हा खंदकात जाणार, हे त्यांना ठाऊक होते. युद्धाविरुद्ध जाहीर निवेदन काढल्यावर १९१७ मध्ये कवी सिगफ्रिड ससून यांना तेथे धाडण्यात आले, तेव्हा हा पेच अधिकच टोकदार झाला. तो रिव्हर्स यांच्या स्वप्नातही शिरला आणि ते स्वप्न त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवून ठेवले. ससून अखेर आघाडीवर परतले. जुलै १९१८ मध्ये त्यांच्या डोक्याला गोळी लागली. सुदैवाने ते बचावले. लंडनच्या रुग्णालयात रिव्हर्स त्यांना भेटायला गेले. ४ जून १९२२ रोजी केंब्रिज येथे रिव्हर्स यांचे निधन झाले.