साळगावचा न्यूटन

गेल्या श्रावणातली गोष्ट. सकाळच्या कसारा लोकलने कॉलेजला निघालो होतो. आसनगावला वर्गमित्र चढले आणि गप्पा सुरू झाल्या. तेवढ्यात दाराशी कर्टुलीची पाटी घेऊन उभ्या असलेल्या आमच्या पाड्यावरच्या काकीने मला पाहिले आणि आमच्या बोलीत मोठ्याने हाक मारली. मी ऐकू न आल्यासारखे करून खिडकीबाहेर पाहत राहिलो. उंबरमाळीत मी साहेब झालेला, आणि कॉलेजात मी कसाऱ्याकडचा. माझी भाषा रोज दोनदा बदलते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मुंबईच्या एका संग्रहालयात फ्रान्सिस न्यूटन सूझा यांची चित्रे पाहिली. जाड काळ्या रेषा, कपाळावर चढलेले डोळे, काट्यांनी भरलेले चेहरे. चित्रकलेतले मला फारसे कळत नाही. पण ती चित्रे डोक्यातून जाईनात. म्हणून या माणसाचे चरित्र मिळेल तेथून वाचून काढले.

सूझांचा जन्म १२ एप्रिल १९२४ रोजी गोव्यातील साळगाव येथे झाला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते. मूल तीन महिन्यांचे असताना वडील वारले. पाठोपाठ थोरली बहीणही गेली. आई पोराला घेऊन मुंबईला आली व शिवणकामावर घर चालवू लागली. मुलाला देवी आल्या तेव्हा तिने संत फ्रान्सिस झेवियरला नवस केला. मुलगा वाचला, आणि न्यूटनच्या मागे फ्रान्सिस हे नाव लागले. आजीच्या घरची प्रार्थना, साळगावचे चर्च, तेथील मूर्ती व मिरवणुका मुलाच्या डोळ्यांत कायमच्या राहिल्या.

मुंबईत मिशनऱ्यांच्या शाळेतून त्यांचे नाव काढले गेले. पुढे सर ज. जी. कलाशाळेत प्रवेश मिळाला. पण स्वातंत्र्य चळवळीत भाग घेतल्यामुळे १९४५ मध्ये तेथूनही त्यांना बाहेर पडावे लागले. १९४७ मध्ये त्यांनी रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्यासह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला. इंग्रजी धाटणीची गुळगुळीत चित्रे त्यांना नको होती, आणि जुन्या वैभवाची नक्कलही नको होती. पुढे अश्लीलतेच्या आरोपावरून पोलिसांनी त्यांच्या घराची झडती घेतली. १९४९ मध्ये ते लंडनला गेले.

तेथे सुरुवातीची काही वर्षे अत्यंत ओढगस्तीची गेली. मग १९५५ साल उजाडले. स्टीफन स्पेंडर यांच्या 'एन्काउंटर' मासिकात सूझांचा आत्मपर लेख आला आणि त्याच वर्षी गॅलरी वनमधील प्रदर्शनाने त्यांचे नाव झाले. १९५८ मध्ये गुगेनहाइम आंतरराष्ट्रीय पारितोषिकासाठी ब्रिटनच्या वतीने निवडलेल्या चित्रकारांत ते होते. साळगावचा मुलगा ब्रिटनचा प्रतिनिधी झाला! पण गंमत अशी की लंडनमध्ये बसून ते चर्च, संत आणि क्रूसावरचा ख्रिस्त रंगवीत होते. टेट संग्रहालयात असलेल्या त्यांच्या १९५९ च्या 'क्रूसिफिक्शन' मधला ख्रिस्त गोरा, शांत, देखणा नाही. तो काळा आहे, काटेरी आहे, वेदनेने विद्रूप झालेला आहे. युरोपने गोव्याला दिलेला देव सूझांनी स्वतःच्या रंगात रंगवून युरोपला परत केला, असे मला वाटते.

त्यांना आदर्श पुरुष म्हणावे असे मात्र नाही. स्वभाव फटकळ, मद्याच्या आहारी गेले, पहिला संसार मोडला. आपण कोठलेच नाही, हे दुखणे कलेत उतरले तरी घरच्यांना त्याची झळ बसतेच. १९६७ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले आणि तेथे जवळजवळ तीन तपे राहिले. तेथील कलाजगताने त्यांची फारशी दखल घेतली नाही. २८ मार्च २००२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले व शिवडीच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. २०१८ मध्ये लंडनच्या टेट ब्रिटनने मानवी देहाच्या चित्रणावर मोठे प्रदर्शन भरविले, तेव्हा बेकन आणि फ्रॉइड यांच्याबरोबर सूझांचीही चित्रे मांडली होती.

दोन जगांच्या मध्ये सापडलेल्या माणसाने एक जग पुसून टाकले की सुटका होते, अशी माझी समजूत होती. सूझांनी तीन देश पाहिले, पण साळगाव पुसले नाही. पुसले असते तर त्यांच्याजवळ रंगवायला काय उरले असते?

संग्रहालय पाहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे उंबरमाळीच्या फलाटावर काकी दिसली. मी तिची पाटी उचलून डब्यात ठेवली. आसनगावला मित्र चढले, तरी आम्ही आमच्याच बोलीत बोलत राहिलो. मागच्या वेळेबद्दल तिने एक शब्दही विचारला नाही. विचारले असते तर बरे झाले असते.