अण्णा भाऊ साठे : जीवन आणि कादंबरीलेखन



प्रस्तुत घटकात आपण ज्या कादंबरीकाराचा परिचय करून घेणार आहोत, त्यांचे शालेय शिक्षण जवळजवळ झालेच नव्हते. तरीही सुमारे 35 कादंबऱ्या त्यांच्या नावावर आहेत. हे कसे घडले, हा प्रश्न मनात ठेवून पुढील मजकूर वाचा.

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म 1 ऑगस्ट 1920 रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगाव येथे मातंग कुटुंबात झाला. ब्रिटिश सरकारने त्यांच्या समाजावर गुन्हेगारीचा शिक्का मारला होता व त्यातील माणसांना हजेरीची सक्ती होती. दारिद्र्यामुळे हे कुटुंब वाटेगावहून पायी मुंबईस आले. तेथे अण्णा भाऊंनी मिळेल ते काम केले, गिरणीतही राबले. दुकानांच्या पाट्या आणि चित्रपटांची भित्तिपत्रके पाहत ते अक्षरे जुळवू लागले. माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये कम्युनिस्ट कार्यकर्त्यांच्या सहवासात त्यांच्या वाचनाला दिशा मिळाली.

1943 मध्ये त्यांनी स्टालिनग्राडच्या लढ्यावर पोवाडा रचला. 1944 मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी 'लाल बावटा' कलापथक उभारले. वगनाट्ये व लावण्यांतून त्यांनी कामगारांची दुःखे मांडली आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आपली शाहिरी वाहिली. 1958 मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे त्यांनी उद्घाटन केले. जगाचा भार श्रमिकांच्या व दलितांच्या हातांनी पेलला आहे, असा विचार त्यांनी तेथे मांडला.

त्यांचे बरेचसे लेखन घाटकोपरच्या चिरागनगर वस्तीतील झोपडीत झाले. तुम्ही नाहूर किंवा भांडुप परिसरात राहत असाल, तर ही वस्ती तुमच्यापासून लोकलच्या काही स्थानकांवर आहे. मुंबईच्या उपनगरांतील श्रमिकांचे जगणे त्यांच्या कथांत थेट उतरले. 'स्मशानातील सोनं' या कथेतील भीमा वारणाकाठाहून येऊन उपनगरातील दगडाच्या खाणीत राबतो. खाण बंद पडताच पोटासाठी तो प्रेतांच्या राखेत व मातीत सोने शोधू लागतो.

1959 मध्ये प्रसिद्ध झालेली 'फकिरा' ही त्यांची सर्वांत गाजलेली कादंबरी. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केलेल्या या कादंबरीस 1961 मध्ये शासनाचा पुरस्कार लाभला. दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा आणि अखेर आपल्या माणसांच्या सुटकेसाठी स्वतःला सरकारच्या हवाली करणारा फकिरा हा तिचा नायक. सरकारी दफ्तराने ज्याला दरोडेखोर ठरवले, त्याला कादंबरीकाराने वीरपुरुष म्हणून उभे केले.

या कादंबऱ्यांत योगायोग फार येतात, नायक-नायिका अतिभव्य वाटतात, असा आक्षेप तुमच्या वाचनात येईल. तो सर्वस्वी निराधार नाही. मात्र अण्णा भाऊ कादंबरीकडे पोवाड्याच्या वाटेने आले, हे विसरू नका. समोरचा श्रोता खिळवून ठेवणे, पराक्रम ठळक रेखाटणे, अन्यायाचा निवाडा स्पष्ट शब्दांत करणे, हे शाहिराचे गुण त्यांच्या गद्यातही उतरले. ज्या माणसांना मराठी कादंबरीत तोवर क्वचितच मध्यवर्ती स्थान मिळाले होते, त्यांना ते याच गुणांमुळे मिळाले.

1961 मध्ये त्यांनी रशियाचा प्रवास केला व त्यावर पुस्तक लिहिले. 'वैजयंता', 'फकिरा' अशा कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. लेखकाचे दारिद्र्य मात्र संपले नाही. 18 जुलै 1969 रोजी, वयाची 49 वर्षे पूर्ण होण्यास दोन आठवडे उरले असताना, मुंबईत त्यांचे निधन झाले. 2002 मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आता 'फकिरा' मुळातून वाचा. नायकाचे कोणते विशेष पोवाड्यातून आले आहेत आणि कोणते लेखकाच्या जीवनानुभवातून, याची स्वतंत्र टिपणे करा. वरील आक्षेपाविषयी तुमचे मत त्या टिपणांच्या आधारे बनवा.