उमेदवारीचे ऋण

१८०५ साली मराठी व्याकरण व १८१० साली मराठी कोश प्रसिद्ध करणारे डॉ. विल्यम केरी आपणांस परिचित आहेत. परंतु त्यांचे स्वतःचे शिक्षण कसे झाले, हे आपण जाणता काय?

१७६१ साली इंग्लंडमधील पॉलर्सपरी या खेड्यात ते जन्मले. चौदाव्या वर्षाच्या सुमारास ते जोडे शिवणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवारीस राहिले. धन्याच्या पुस्तकात आढळलेले ग्रीक शब्द ते उतरवून घेत आणि जन्मगावच्या एका सुशिक्षित विणकराकडून समजावून घेत. विद्यापीठाची पायरी ते चढले नाहीत. कारागिराचे दुकानच त्यांची पाठशाळा झाले.

१७९३ साली ते बंगालमध्ये आले. १८०० पासून सेरामपूर येथे मार्शमन व वॉर्ड या सहकाऱ्यांसह त्यांनी सर्वांच्या कमाईचा एकच सामायिक निधी केला. फोर्ट विल्यम कॉलेजातील केरींचे वेतन प्रथम मासिक ५०० व १८०७ पासून १००० रुपये होते. ते वेतन, मार्शमन दांपत्याच्या वसतिशाळेचे उत्पन्न आणि छापखान्याची मिळकत या निधीत जमा होई. घरखर्चापुरते ठेवून बाकीचे शाळा व शास्त्राच्या भाषांतरांकडे जाई. शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपये राखण्याची तरतूद कंपनीच्या सनदेत १८१३ साली झाली. सेरामपूरचे हात त्यापूर्वीच कामाला लागले होते. १८१८ साली तेथे कॉलेज उभे राहिले व ते सर्व जातिधर्मांच्या तरुणांस खुले होते.

१८३४ साली केरी प्रभूकडे गेले. वाचकहो, आपणही कोणाच्या तरी श्रमावर शिकलो. आपल्या मंडळीतील शाळा सोडलेल्या मुलाच्या उमेदवारीसाठी, निरक्षर भगिनीच्या पाटीसाठी, आपल्या वेतनातील किती वाटा आपण बाजूला ठेवतो?