आनंद शंकर : सतार आणि सिंथेसायझरचा मेळ घालणारा कलावंत

कोलकाता : सतारवादक आणि संगीतकार आनंद शंकर यांचे २६ मार्च १९९९ रोजी कोलकात्यात हृदयविकाराने निधन झाले, तेव्हा ते ५६ वर्षांचे होते. त्यांनी २७व्या वर्षी केलेल्या धाडसी प्रयोगाची आणि त्यातून पुढे घडलेल्या संगीताची नव्या पिढीने नुकतीच दखल घ्यायला सुरुवात केली होती. दाद मिळू लागली आणि कलावंत निघून गेला, अशी ही जीवनकथा आहे.

आनंद शंकर यांचा जन्म ११ डिसेंबर १९४२ रोजी अल्मोडा येथे झाला. वडील उदय शंकर हे आधुनिक भारतीय नृत्याचे प्रवर्तक, आई अमला शंकर याही नामवंत नर्तिका आणि काका पंडित रविशंकर. उदय शंकर यांनी अल्मोड्यात उभारलेले कलाकेंद्र अल्पावधीतच बंद पडले. मात्र भारतीय परंपरेला जगाच्या रंगमंचावर नव्या रूपात मांडण्याचा ध्यास त्या घरात कायम राहिला. आनंद यांचे शालेय शिक्षण ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर, शिंदे घराण्याने स्थापन केलेल्या सिंधिया स्कूलमध्ये झाले. सतारीचे धडे मात्र त्यांनी काकांकडे घेतले नाहीत. बनारस हिंदू विश्वविद्यालयात विचित्रवीणेचे थोर वादक डॉ. लालमणी मिश्र यांच्याकडे त्यांनी विद्या घेतली. मिश्र यांनी पूर्वी उदय शंकर यांच्या नृत्यपथकासाठी काम केले होते.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात आनंद अमेरिकेत लॉस एंजेलिसला गेले. तो सायकेडेलिक संगीताचा बहराचा काळ होता. १९६५ मध्ये बीटल्सच्या 'नॉर्वेजियन वूड' या गीतात जॉर्ज हॅरिसन यांनी सतार वाजवली आणि पाश्चात्त्य तरुणाईला या वाद्याने भुरळ घातली. १९६७ मध्ये मॉन्टेरी महोत्सवातील रविशंकर यांचे वादन गाजले. तथापि, भारतीय संगीताची सांगड अमली पदार्थांच्या धुंदीशी घातली जाते, याबद्दल रविशंकर यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली होती. अशा वातावरणात त्यांच्याच पुतण्याने रॉकच्या जगात पाऊल टाकले. जिमी हेंड्रिक्स यांच्यासारख्या वादकांसोबत त्यांनी वादन केले आणि रिप्राइज या ध्वनिमुद्रण कंपनीशी त्यांचा करार झाला.

१९७० मध्ये 'आनंद शंकर' याच नावाने त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका प्रकाशित झाली. रोलिंग स्टोन्सचे 'जम्पिंग जॅक फ्लॅश' आणि द डोअर्सचे 'लाइट माय फायर' ही गाजलेली गीते तिच्यात सतारीवर अवतरली. तबल्याच्या सोबतीला गिटार, ड्रम आणि त्या काळी अगदी नवखे असलेले मूग सिंथेसायझर हे इलेक्ट्रॉनिक वाद्य होते. 'ममता', 'मेटामॉर्फोसिस', 'डान्स इंद्रा' या त्यांच्या रचना. तेरा मिनिटांहून अधिक काळ चालणारी, संथ लयीतील 'सागर'. आणि अखेरीस 'रघुपती'. लोकप्रिय रॉक गीतापासून निघालेला हा प्रवास रामनामाच्या परिचित धुनेपाशी येऊन थांबतो. रॉक संगीतात सतार तोवर बहुधा रंगत आणण्यापुरती असे. येथे ती मध्यवर्ती होती आणि बाकीची वाद्ये तिच्याभोवती उभी होती.

परंतु ज्या लाटेवर ही ध्वनिमुद्रिका आली, ती त्याच वर्षी ओसरू लागली होती. बीटल्स विभक्त झाले. सप्टेंबरमध्ये हेंड्रिक्स यांचे निधन झाले. शास्त्रीय संगीताच्या रसिकाला तिच्यात रागविस्ताराची शिस्त अपुरी वाटावी आणि रॉकच्या श्रोत्याला ती परकी भासावी, असेच तिचे स्वरूप होते.

सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी आनंद शंकर भारतात परतले. सतारीची ती लाट ही केवळ फॅशन असती, तर त्यांचा प्रयोगही तेथेच संपला असता. त्यांनी मात्र कोलकात्यात तोच मार्ग पुढे नेला. मृणाल सेन यांच्या १९७४ च्या 'कोरस' या चित्रपटासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९७५ मध्ये 'आनंद शंकर अँड हिज म्युझिक' प्रकाशित झाली. 'स्ट्रीट्स ऑफ कलकत्ता' आणि 'डान्सिंग ड्रम्स' या तिच्यातील रचनांत सतार, मृदंगम, तबला, गिटार आणि सिंथेसायझर एकमेकांशी अधिक सहजतेने संवाद साधतात. १९८१ च्या 'सा-रे-ग मचान'मध्ये त्यांनी अरण्यातील रात्र, नाचणारे मोर आणि चाल करून येणारा वाघ यांना संगीतरूप दिले. पत्नी तनुश्री शंकर यांच्या नृत्याविष्कारांसाठीही त्यांनी संगीत रचले. नृत्य, नाट्य आणि संगीत यांच्यात भिंत न मानणारा वडिलांचा वारसा येथे स्पष्ट दिसतो.

नव्वदच्या दशकात लंडनच्या क्लबमधील डीजे जुन्या, विस्मृतीत गेलेल्या तबकड्यांतून नृत्याला साजेसे ताल शोधू लागले. त्या शोधात 'डान्सिंग ड्रम्स' त्यांच्या हाती लागली. १९९६ मध्ये ब्लू नोट या प्रतिष्ठित कंपनीने 'ब्लू ज्यूस' या संकलनात ती आणि 'स्ट्रीट्स ऑफ कलकत्ता' समाविष्ट केली. दोन दशकांपूर्वी कोलकात्याच्या रस्त्यांचे नाव घेऊन आलेल्या या संगीतावर लंडनची तरुणाई नाचू लागली. त्यानंतर आनंद शंकर यांनी 'स्टेट ऑफ बेंगाल' या नावाने परिचित असलेल्या लंडनच्या डीजेसोबत ब्रिटनचा दौरा केला. या सहकार्यातून 'वॉकिंग ऑन' ही ध्वनिमुद्रिका साकारली. ती प्रकाशित झाली तेव्हा मात्र ते हयात नव्हते.

आज सतार आणि इलेक्ट्रॉनिक वाद्ये एकत्र ऐकताना कोणालाही नवल वाटत नाही. चित्रपटसंगीतापासून जाहिरातींपर्यंत हा मेळ सर्वपरिचित झाला आहे. तो परिचित नव्हता तेव्हा, एका बाजूला घराण्याचे मोठे नाव आणि दुसऱ्या बाजूला ओसरती लाट असताना, आनंद शंकर यांनी तो घातला आणि तीन दशके जपला.