ज्यानं देशाचे कागद जपले

शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात आफ्रिका कुठे होती, जरा आठवून बघा. वास्को द गामा केप ऑफ गुड होपला वळसा घालून कालिकतला पोहोचला, ते एक पान. गांधीजींना पीटरमारित्झबर्गला ट्रेनमधून खाली उतरवलं, ते दुसरं. बास. म्हणजे आफ्रिका आपल्याकडे येते ती दुसऱ्या कुणाच्या तरी प्रवासात मध्ये लागणारं स्टेशन म्हणून. आता गंमत ऐका. १९४० च्या दशकात खुद्द आफ्रिकेतल्या कॉलेजांमध्येही साधारण हीच परिस्थिती होती. इतिहासाचा पेपर म्हणजे ब्रिटिश साम्राज्याचा इतिहास. नायजेरियातला मुलगा स्वतःच्या गावातून वाहणाऱ्या नदीबद्दल वाचायचा, ते तिचा ‘शोध’ कुठल्या गोऱ्या साहेबानं लावला एवढंच.

हे ज्यांनी बदलायला घेतलं त्यांच्यात पहिलं नाव येतं केनेथ ओनवुका डिके यांचं. (इंग्रजी स्पेलिंग बघून ‘डाइक’ म्हणू नका.) १७ डिसेंबर १९१७ ला पूर्व नायजेरियातल्या ऑका गावात, इग्बो समाजात त्यांचा जन्म झाला. ऑका म्हणजे लोहारांचं गाव. तिथले कारागीर हत्यारं घेऊन लांबलांबच्या बाजारांत फिरायचे. डिकेही फिरले, पण शिक्षणासाठी. ओनित्शाची शाळा, मग गोल्ड कोस्टमधलं, म्हणजे आजच्या घानातलं अचिमोटा, मग सिएरा लिओनचं फूरा बे कॉलेज, पुढे स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनला एमए आणि १९५० मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजातून पीएचडी. इतिहासाचं असं रीतसर, डॉक्टरेटपर्यंतचं प्रशिक्षण घेणाऱ्या अगदी पहिल्या आफ्रिकी लोकांत त्यांची गणना होते.

डिग्र्यांची यादी इथे थांबवते, कारण खरी गोष्ट त्यांच्या थिसिसमध्ये आहे. विषय होता नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातला व्यापार आणि राजकारण. ऐकायला कोरडं वाटतं ना? पण बघा. ब्रिटननं १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. मग लिव्हरपूलच्या ज्या जहाजांतून माणसं नेली जायची, त्यांतून पाम तेल जायला लागलं. साबण, मेणबत्त्या, कारखान्यातल्या मशिनींचं वंगण, सगळ्याला ते तेल हवं होतं. तोवरच्या साम्राज्याच्या पुस्तकांत ही गोष्ट गोऱ्या व्यापाऱ्यांची होती. डिके यांनी कॅमेरा फिरवला. त्यांनी दाखवलं, की बरीच वर्षं हे गोरे व्यापारी नदीच्या मुखाशी नांगरून ठेवलेल्या जुन्या जहाजांवरच मुक्काम करायचे. आतले बाजार त्यांच्या हातात नव्हतेच. बॉनीसारख्या बंदरांचे राजे त्यांच्याकडून व्यापाराचा कर घ्यायचे. तेल आणायचं कुठून, कुणाला द्यायचं, भाव काय लावायचा, यात स्थानिक व्यापारी घराण्यांचा शब्द चालायचा. ही घराणी म्हणजे अर्धी कंपनी, अर्धी फौज. स्वतःच्या लढाऊ होड्या बाळगायची. आणि विकत आणलेला गुलामसुद्धा कर्तृत्वावर घराण्याचा प्रमुख होऊ शकायचा.

जाजाचं उदाहरण घ्या. इग्बो मुलूखातला हा मुलगा गुलाम म्हणून विकला जाऊन बॉनीला आला. मोठेपणी तिथल्या एका बड्या घराण्याचा प्रमुख झाला. १८६९ मध्ये बॉनीत यादवी पेटली, तेव्हा आपली माणसं घेऊन तो बाहेर पडला आणि ओपोबो नावाचं स्वतःचं राज्यच उभं केलं. पुढे तर त्यानं मधल्या गोऱ्या व्यापाऱ्यांना टाळून थेट लिव्हरपूलला तेल पाठवायला सुरुवात केली. आता मात्र ब्रिटिशांना हे झेपेना. डिके यांचं पुस्तक १८८५ ला थांबतं, जाजाचा शेवट त्यानंतरचा. १८८७ मध्ये ब्रिटिश कॉन्सलनं त्याला बोलणी करायला बोलावलं आणि अटक करून वेस्ट इंडीजला पाठवून दिलं. १८९१ मध्ये परतीच्या वाटेवर तो वारला. वेब सिरीजसाठी मटेरिअल शोधणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

लंडनच्या दप्तरखान्यातले कागद डिके यांनी वाचलेच, शिवाय त्रिभुज प्रदेशात जाऊन तिथल्या घराण्यांच्या तोंडी चालत आलेल्या आठवणीही विचारात घेतल्या. आज तुम्ही प्रोजेक्टसाठी आजीची मुलाखत रेकॉर्ड करता आणि त्याला ‘ओरल हिस्ट्री’ म्हणता. तेव्हा मात्र लेखी पुरावा नाही म्हणजे इतिहास नाही, असं मानणारे भरपूर होते. १९५६ मध्ये ऑक्सफर्डनं हे पुस्तक छापलं. त्यानंतर सात वर्षांनीसुद्धा ऑक्सफर्डचेच एक नामांकित प्राध्यापक, ह्यू ट्रेव्हर-रोपर, आफ्रिकेत फक्त युरोपियनांचा इतिहास आहे, बाकी काळोख, अशा अर्थाचं जाहीर व्याख्यानात बोलून गेले. डिके यांचं पुस्तक तेव्हा छापून तयार होतं. वाचायचं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

पीएचडी करून परत आलेल्या डिके यांना इबादानच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात नोकरी मिळाली. पण माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम वर्गाबाहेरचं आहे. १९५१ पासून त्यांनी नायजेरियाभरच्या सरकारी कचेऱ्यांतल्या जुन्या कागदांची पाहणी केली. तुम्ही कधी तालुक्याच्या ऑफिसात जुना उतारा काढायला गेला असाल, तर उष्ण-दमट हवेत ओल आणि वाळवी कागदाचं काय करतात हे तुम्हाला सांगायला नको. डिके यांनी सरकारला रिपोर्ट दिला आणि त्यातून १९५४ मध्ये इबादानला रेकॉर्ड ऑफिस उभं राहिलं. १९५७ च्या कायद्यानं तेच नायजेरियाचं राष्ट्रीय अभिलेखागार झालं. डिके त्याचे पहिले संचालक. पूर्वेला एनुगू आणि उत्तरेला काडुना इथेही शाखा झाल्या. देश अजून स्वतंत्र व्हायचा होता, पण त्याच्या आठवणींसाठी घर तयार झालं होतं.

त्यानंतरचा वेग बघून दम लागतो. १९५५ मध्ये नायजेरियाची इतिहास परिषद. इबादानच्या अभ्यासक्रमात आफ्रिकेचा इतिहास. तिथल्या नव्या संशोधकांच्या थिसिस पुस्तकरूपानं आणणारी एक मालिका, संपादक डिके. १९६० मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्याच वर्षी, ते त्या कॉलेजचे पहिले नायजेरियन प्रिन्सिपल झाले आणि १९६२ मध्ये लंडनपासून वेगळं होऊन स्वतंत्र विद्यापीठ झाल्यावर त्याचे पहिले कुलगुरू. इग्बो, योरुबा, हौसा, सगळ्या भागांतली मुलं एकाच कॅम्पसवर. एकत्र नायजेरिया नावाची कल्पना प्रत्यक्षात कशी दिसते, हे बघायचं तर इबादानला जावं, अशी ती जागा.

आणि मग १९६६ उजाडलं.

जानेवारीत लष्करातल्या काही तरुण अधिकाऱ्यांनी उठाव केला. त्यांच्यात इग्बो जास्त होते आणि मारले गेलेले बहुतेक नेते इतर समाजांचे होते. जुलैत उलटा उठाव झाला. पाठोपाठ उत्तर नायजेरियात इग्बो आणि पूर्वेकडच्या इतर लोकांची कत्तल झाली. हजारो माणसं मेली. दहा लाखांहून जास्त लोक मिळेल त्या ट्रेननं, ट्रकनं पूर्वेकडे पळाले. इबादान उत्तरेत नाही, नैऋत्येला आहे. पण संशयाला नकाशा कळत नाही. डिसेंबर १९६६ मध्ये डिके यांनी कुलगुरूपद सोडलं आणि तेही पूर्वेला निघून गेले. देशाचे कागद जपणारा माणूस देशाच्या एका भागात परका झाला होता.

३० मे १९६७ ला पूर्व भागानं बियाफ्रा नावाचा वेगळा देश जाहीर केला. जुलैत युद्ध सुरू झालं आणि डिके या नव्या देशाचे फिरते राजदूत झाले. चिनुआ अचेबे तुमच्यातल्या इंग्लिश लिटरेचरवाल्यांना माहीत असतील. ‘थिंग्ज फॉल अपार्ट’चे लेखक, इबादानचेच माजी विद्यार्थी. तेही बियाफ्राची बाजू मांडायला देशोदेशी फिरले.

आता कल्पना करा, की तुम्ही राजदूत आहात, पण तुमचा देश कुणी मान्यच करत नाही. शेवटपर्यंत टांझानिया, गॅबॉन, आयव्हरी कोस्ट, झांबिया आणि हैती या पाचच देशांनी बियाफ्राला मान्यता दिली. ब्रिटन नायजेरियन सरकारला शस्त्रं देत होतं, सोव्हिएत युनियनही देत होतं. आफ्रिकी देशांच्या संघटनेनं १९६४ मध्येच ठरवलं होतं, की स्वातंत्र्याच्या वेळी ज्या सीमा मिळाल्या त्या बदलायच्या नाहीत. कारण उघड होतं. एकाला वेगळं होऊ दिलं तर उद्या प्रत्येक देशात कुणी ना कुणी तेच मागेल. त्या सीमा म्हणजे बर्लिनच्या परिषदेनंतर युरोपियनांनी वाटून घेतलेल्या सीमा. आणि ती परिषद संपली १८८५ मध्ये, डिके यांचं पुस्तक थांबतं त्याच वर्षी. गोऱ्यांनी येऊन रेघा ओढण्याआधी इथे कोणाचं राज्य कसं चालायचं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण समोरच्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येक मंत्र्याला आपली रेघ वाचवायची होती.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. युद्ध सुरू होऊन महिना व्हायच्या आत नायजेरियन फौजेनं बॉनी घेतलं. तेच बॉनी. आता तिथून जहाजांत भरलं जायचं ते पाम तेल नव्हे, पेट्रोलियम. तेलाचे पैसे कोणत्या सरकारला द्यायचे, हा या युद्धातला कळीचा मुद्दा होता. शिवाय त्रिभुज प्रदेशातल्या इजॉ आणि इतर छोट्या समाजांना बियाफ्रात इग्बोंच्या हाताखाली राहायला आवडेलच असं नव्हतं. त्यांच्यातले बरेच जण नायजेरियाच्या बाजूनं लढले. डिके यांच्या पुस्तकातली बंदरं मुख्यतः याच लोकांची. त्यांचे पणतू डिके यांच्या देशात राहायला तयार नव्हते. ऑक्टोबरात बियाफ्राची राजधानी एनुगूही पडली, जिथे अभिलेखागाराची एक शाखा होती.

मास कॉमच्या वर्गात आम्हाला बियाफ्रा भेटला तो फोटोंमधून. डॉन मॅककलिनचे फोटो, फुगलेल्या पोटाची, काटकुळ्या हातापायांची मुलं. नाकेबंदीमुळे अन्न पोहोचत नव्हतं. बियाफ्रा सरकारनं प्रचारासाठी जिनिव्हाची मार्कप्रेस ही पीआर कंपनी नेमली होती. जगानं डोळे पुसले, वर्गण्या पाठवल्या. तिथे काम केलेल्या फ्रेंच डॉक्टरांपैकी काहींनी पुढे १९७१ मध्ये ‘मेदसाँ साँ फ्राँतिएर’च्या स्थापनेत भाग घेतला. पण मान्यता देणारा सहावा देश काही मिळाला नाही. आफ्रिकेला स्वतःचा इतिहास आहे हे सांगण्यात ज्यांची उमेद गेली, त्यांचा देश टीव्हीवर फक्त भूक म्हणून दिसला. जानेवारी १९७० मध्ये बियाफ्रानं शरणागती पत्करली. मृतांचे अंदाज पाच लाखांपासून तीस लाखांपर्यंत जातात.

डिके चुकले का? नायजेरियात याची उत्तरं आजही आडनाव बघून बदलतात. मला विचाराल तर, १९६६ च्या त्या हिवाळ्यात इबादानच्या खुर्चीत बसून राहणं त्यांना शक्य होतं असं वाटत नाही. आणि त्यांनी उभारलेल्या अभिलेखागारात तिन्ही समाजांचे कागद एकाच छपराखाली होते, हेही विसरता येत नाही.

युद्धानंतर ते अमेरिकेत गेले. हार्वर्डला आफ्रिकी इतिहास शिकवला. तिथलं मेलन प्राध्यापकपद मिळवणारे ते पहिले. पुढे नायजेरियात परतले आणि १९८० मध्ये अनांब्रा राज्याच्या नव्या तंत्रज्ञान विद्यापीठाची जबाबदारी घेतली. इतिहासाचा माणूस इंजिनीअरिंगच्या मुलांसाठी इमारती उभ्या करत होता. २६ ऑक्टोबर १९८३ ला एनुगूला त्यांचं निधन झालं. आग्नेय नायजेरियात दूरदूरपर्यंत व्यापार करणाऱ्या अरो लोकांवर फेलिशिया एकेजिउबा यांच्याबरोबर त्यांचं काम चालू होतं. ते पुस्तक १९९० मध्ये आलं. छापलं गेलं इबादानला, जिथल्या विद्यापीठाच्या मुख्य लायब्ररीला आज केनेथ डिके यांचंच नाव आहे.